नांदेडचा बैरागी, दिल्लीचा पिंजरा आणि साताऱ्याची फौज

साताऱ्यात शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला तो १२ जानेवारी १७०८ रोजी. औरंगजेबाला जाऊन तेव्हा वर्षही उलटलं नव्हतं. १७०० साली त्याने स्वतः तळ ठोकून अजिंक्यतारा घेतला होता आणि किल्ल्याचं नाव बदलून ‘आझमतारा’ केलं होतं. त्याच साताऱ्यात आता मराठ्यांची गादी उभी राहिली. अठरा वर्षं मोगलांच्या कैदेत काढलेला राजा गादीवर बसला खरा, पण त्याच्या आई येसूबाई अजून मोगलांकडे ओलीसच होत्या.

त्याच वर्षी नवा बादशहा बहादूरशहा आपला भाऊ कामबक्ष याचा बंदोबस्त करायला दक्षिणेत उतरला. त्याच्या छावणीबरोबर शिखांचे दहावे गुरू, गुरू गोविंदसिंग हेही होते. त्यांच्या घरावर कोसळलेलं दुःख साताऱ्याच्या राजघराण्याला ओळखीचं वाटावं असंच होतं. वडील गुरू तेगबहादूर यांचा १६७५ मध्ये दिल्लीत शिरच्छेद झाला होता. चार मुलांपैकी दोघे चमकौरच्या लढाईत पडले आणि धाकट्या दोघांना सरहिंदचा सुभेदार वजीरखान याने भिंतीत चिणून मारलं. गुरूंनी औरंगजेबाला फारसीत एक खरमरीत पत्र लिहिलं होतं, तेच ‘जफरनामा’. भाई दयासिंग ते घेऊन दक्षिणेत आले होते, कारण बादशहाचा मुक्काम तेव्हा अहमदनगरला होता. पत्राने न्याय मिळाला नाही. पुढे बहादूरशहाकडून तो मिळेल ही आशाही हळूहळू मावळत गेली. बादशहा हैदराबादच्या वाटेला लागला आणि गुरू गोदावरीकाठी नांदेडला थांबले.

नांदेडला माधोदास नावाच्या एका बैराग्याचा मठ होता. माणूस मूळचा जम्मूकडच्या डोंगरी मुलखातला, राजौरीचा. जन्मनाव लछमनदेव. शिकारीचा नाद होता. शीख परंपरा सांगते, की एकदा त्याच्या बाणाने एक गाभण हरिणी पडली. तिचं पोट फाडलं तेव्हा आतली पिल्लं त्याच्या डोळ्यांदेखत तडफडून मेली. त्या दिवशी धनुष्य सुटलं आणि घरही सुटलं. बैराग्यांच्या जमातीबरोबर फिरत तो दक्षिणेत आला, नाशिकला पंचवटीत राहिला, योग आणि तंत्रमंत्र शिकला आणि शेवटी नांदेडला स्थिरावला. गुरूंची गाठ पडली तेव्हा तो चाळिशीच्या जवळ आला होता. शिष्य होते, मठ होता, सिद्धी असल्याचा दबदबाही होता. ते सगळं मागे टाकून त्याने गुरूंचे पाय धरले आणि स्वतःला त्यांचा बंदा म्हणवून घेतलं. पुढे तो बंदासिंग या नावानेच ओळखला गेला.

बैराग्याने शस्त्र हाती घ्यावं यात साताऱ्याकडच्या माणसाला फारसं नवल वाटायचं नाही. समर्थ रामदासांनी कृष्णाकाठी मारुती स्थापले, बलोपासना रुजवली आणि १६८२ मध्ये सज्जनगडावर देह ठेवला. शिखांच्या जुन्या साख्यांमध्ये एक प्रसंग येतो. तीर्थयात्रेत असताना गढवालातल्या श्रीनगरला समर्थांची सहावे गुरू हरगोविंद यांच्याशी भेट झाली. गुरू घोड्यावर होते आणि अंगावर हत्यारं होती. नानकांच्या गादीवर बसलेला संत असा कसा, असं समर्थांनी विचारलं. वैराग्य आतलं असतं आणि शस्त्र गरिबाच्या रक्षणासाठी असतं, अशा अर्थाचं उत्तर गुरूंनी दिलं आणि ते समर्थांच्या मनाला पटलं. ही परंपरेची साक्ष आहे, दफ्तरातली नव्हे. तरी पंजाबातल्या लोकांना आपल्या गुरूच्या समोर नेमका सज्जनगडचा संत उभा करावासा वाटला, हे मला फार मोलाचं वाटतं.

नांदेडला गुरूंवर एका पठाणाने वार केले. त्या जखमांनी ७ ऑक्टोबर १७०८ रोजी त्यांचा अंत झाला. जाण्यापूर्वी त्यांनी यापुढे ग्रंथसाहिब हाच गुरू असं ठरवून दिलं. त्या ग्रंथात आपल्या नामदेवांची पदं आहेत. तेव्हा नांदेडात जे गुरुपद ग्रंथाकडे गेलं, त्यात पंढरीचा आवाज आधीपासूनच मिसळलेला होता.

बंदासिंग उत्तरेला निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर गुरूंनी दिलेले पाच बाण, निशाण, नगारा, पाच शीख आणि पंजाबच्या संगतींना लिहिलेले हुकूमनामे होते. खजिना किंवा तोफखाना मात्र नव्हता. वाटेत माणसं येऊन मिळत गेली, त्यात जाट शेतकरी होते, सुतार, चांभार असे कारागीर होते. १७०९ च्या अखेरीस समाणा पडलं. १२ मे १७१० रोजी छप्पर चिरीच्या मैदानात वजीरखान मारला गेला आणि दोन दिवसांत सरहिंद शिखांच्या ताब्यात आलं. त्या मोहिमेत लूट आणि कत्तलही झाली. ते झाकून हुतात्म्याचं चरित्र लिहिता येत नाही.

पण बंदासिंगांची भक्ती बघायची तर लढाईपेक्षा त्यांच्या कारभारात बघावी. डोंगरातल्या लोहगडावर त्यांनी राजधानी केली, नाणी पाडली, मोहोर केली. दोन्हींवर स्वतःचं नाव नाही. सगळं नानक आणि गोविंदसिंग या गुरूंच्या नावाने. जमीन जमीनदाराकडून काढून कसणाऱ्याच्या हवाली केली. शिवाजी महाराजांनी राज्य समर्थांच्या झोळीत टाकलं ही आख्यायिका आपल्याकडे घरोघरी ऐकायला मिळते. इतिहासकार तिच्यावर कितीही वाद घालोत, त्या आख्यायिकेतली भावना बंदासिंगांनी प्रत्यक्ष चांदीवर उमटवली. राज्य मिळवणारा मी, पण ते माझं नाही, हे त्यांच्या नाण्यावर वाचता येतं.

हे राज्य टिकलं नाही. डिसेंबर १७१० मध्ये खुद्द बहादूरशहाने लोहगडाला वेढा घातला. गुलाबसिंग नावाचा शीख बंदासिंगांचा पोशाख करून मागे राहिला, पकडला गेला, आणि बंदासिंग रातोरात निसटले. १७१२ मध्ये बादशहा लाहोरला वारला. १७१३ मध्ये फर्रुखसियर तख्तावर आला. त्याने लाहोरच्या अब्दुस्समदखानाला बंदासिंगांच्या मागावर सोडलं. १७१५ मध्ये गुरदास नंगल इथल्या एका गढीत शीख कोंडले गेले. वेढा आठ महिने चालला. धान्य संपलं तेव्हा त्यांनी जनावरं खाल्ली, मग झाडपाला, मग सालीसुद्धा. वेढ्यातच मतभेद होऊन बंदासिंगांचे सहकारी बाबा विनोदसिंग बाहेर पडले. डिसेंबरात गढी पडली.

फेब्रुवारी १७१६ अखेर दिल्लीत निघालेली मिरवणूक मिर्झा मुहम्मद हारिसी याने स्वतः पाहिली आणि लिहून ठेवली. पुढे भाल्यांवर खोचलेली शिखांची मुंडकी. एका काठीच्या टोकाला मारलेलं मांजर, गढीतलं मांजरसुद्धा जिवंत ठेवलं नाही हे लोकांना कळावं म्हणून. मग हत्तीवर लोखंडी पिंजरा आणि पिंजऱ्यात जरीचा पोशाख चढवलेले बंदासिंग, थट्टेसाठी नटवलेले. मागे उंटांवर सातशेहून अधिक कैदी, एकेक हात मानेशी लाकडात अडकवलेला. रस्त्यावरचे लोक टिंगल करत होते आणि कैदी आपली पदं गात होते. त्यांच्या चेहऱ्यावर खिन्नता नव्हती, असं मिर्झाने नोंदवलं आहे. तो शिखांचा मित्र नव्हता, म्हणून त्याची साक्ष जास्त वजनाची.

मार्चमध्ये कोतवालीच्या चबुतऱ्यावर रोज शंभर या हिशेबाने शिरच्छेद सुरू झाले. धर्म सोडेल त्याचा जीव वाचेल, अशी अट होती. ईस्ट इंडिया कंपनीचे वकील सरमन आणि स्टीफन्सन तेव्हा बादशहाच्या दरबारात होते. १० मार्चच्या पत्रात त्यांनी वरिष्ठांना कळवलं, की अखेरपर्यंत एकानेही आपला धर्म सोडल्याचं दिसलं नाही.

इतिहासकार खाफीखानाने एका पोराची हकिकत दिली आहे. हा खाफीखानही शिखांना शिव्याच देणारा. एका कोवळ्या मुलाची आई दरबारात धाव घेते. माझा मुलगा शीख नाही, त्याला शिखांनी पकडून नेलं होतं, असं सांगून सुटकेचा हुकूम मिळवते. हुकूम घेऊन ती पोचते तेव्हा मुलगा मारेकऱ्यासमोरच उभा असतो. सुटका झाल्याचं कळताच तो म्हणतो, आई खोटं बोलते आहे, मी गुरूंचाच आहे, मला माझ्या माणसांमागे लवकर पाठवा. त्याचं डोकं उडवलं जातं. त्या आईकडे पाहिलं की मला भक्तीची किंमत कळते. तिने खोटं बोलून मिळवलेला जीव मुलाने खरं बोलून परत दिला.

बंदासिंगांना जूनपर्यंत ठेवलं. ९ जून १७१६ रोजी त्यांना मेहरौलीला कुतुबुद्दीन बख्तियार काकींच्या दर्ग्याजवळ नेलं आणि तिथल्या बहादूरशहाच्या कबरीभोवती फिरवलं. चार वर्षांचा मुलगा अजयसिंग त्यांच्या मांडीवर ठेवून त्याला मारायला सांगितलं. त्यांनी नकार दिल्यावर मारेकऱ्याने पोराचे तुकडे केले आणि काळीज बापाच्या तोंडात कोंबलं. मग डोळे, हात, पाय, तापलेल्या सांडशीने मांस. वढू-तुळापूरला ११ मार्च १६८९ रोजी संभाजी महाराजांचं जे झालं ते ठाऊक असलेल्या माणसाला याहून जास्त वर्णन लागत नाही. संभाजी महाराजांचा मुलगा सात वर्षांचा असताना कैद झाला, पण जगला आणि राजा झाला. बंदासिंगांच्या मुलाला तेवढंही मिळालं नाही.

पुढचा भाग साताऱ्याच्या इतिहासात येतो, आणि आपण तो सुटाच सांगतो. दरबारातल्या सय्यद बंधूंचं फर्रुखसियरशी बिनसलं तेव्हा त्यांच्यातल्या हुसेन अलीने मराठ्यांशी तह केला. १७१९ च्या फेब्रुवारीत बाळाजी विश्वनाथ पेशवे मराठी फौज घेऊन त्याच्याबरोबर दिल्लीत दाखल झाले. बंदासिंगांचा पिंजरा फिरला त्याला जेमतेम तीन वर्षं झाली होती. शहरात दंगल उसळली, दीड-दोन हजार मराठे कापले गेले. त्यात संताजी भोसले होते आणि नाना फडणविसांचे आजोबा बाळाजी महादेव भानूही होते. पण फर्रुखसियर वाचला नाही. त्याला जनानखान्यातून ओढून काढलं, आंधळं केलं आणि एप्रिलमध्ये गळा आवळून मारलं. पेशवे चौथाई, सरदेशमुखी आणि स्वराज्याच्या सनदा घेऊन परतले. येसूबाईही तीस वर्षांच्या कैदेनंतर साताऱ्याला आल्या.

मराठ्यांनी बंदासिंगांचा सूड घेतला, असं म्हणण्याचा मोह होतो. पण तसं म्हणता येणार नाही. मराठे आपल्या सनदांसाठी गेले होते, आणि हुसेन अलीच्या ज्या भावाच्या, सय्यद अब्दुल्लाखानाच्या, बाजूने ते उभे राहिले तो १७१६ मध्ये फर्रुखसियरचाच वजीर होता. तरीही चौथाईच्या सनदा शिकवताना फर्रुखसियरच्याच हुकुमाने शेकडो माणसांनी धर्मासाठी मान दिली हे सांगितलं जात नाही, याची मला खंत वाटते. त्या माणसांचा नेता गोदावरीकाठचा मठ सोडून निघाला होता. नांदेडचा सचखंड गुरुद्वारा महाराजा रणजितसिंगांनी १८३० च्या दशकात बांधवला. तिथे देशभरातून शीख येतात. सातारा-सांगलीची किती माणसं पंढरपूर-तुळजापूर करून पुढे नांदेडला जातात?

शीख रक्त या मातीत पडलं आहे, आणि ती फार जुनी गोष्टही नाही. १९४२ च्या ऑगस्टनंतर सातारा जिल्हा पेटला. ९ सप्टेंबरला वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला. परशुराम घार्गे झेंडा हाती घेऊन पुढे होते. गोळीबारात ते पडले, त्यांच्यासह नऊ जण गेले. घार्गे ज्या वडगावचे, ते गाव रामदासी पंचायतनातल्या जयराम स्वामींच्या समाधीमुळे ओळखलं जातं. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला गोळीबार झाला, तिथे किर्लोस्करवाडीचे इंजिनिअर पंड्या आणि विष्णू बारपटे हुतात्मा झाले. मग मोर्चे थांबले, माणसं भूमिगत झाली आणि क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं.

वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी या लढ्यातले. एप्रिल १९४४ मध्ये धुळ्याचा सरकारी खजिना लुटणाऱ्यांत ते होते. पुढे पकडले गेले आणि त्याच वर्षी साताऱ्याच्या तुरुंगाची भिंत चढून निसटले. शस्त्र चालवायचं तर नीट शिकायला हवं हे या मंडळींना कळलं होतं, आणि त्यांच्यात पंजाबातून आलेला नानकसिंग होता. फेब्रुवारी १९४५ मध्ये शिराळा भागात, वारणेच्या खोऱ्यात, मणदूर-सोनवडे परिसरात पोलिसांशी चकमक झाली. त्यात वाळव्याचे किसन अहिर आणि नानकसिंग एकाच लढ्यात धारातीर्थी पडले. ज्या गुरूंच्या नावाने बंदासिंगांनी नाणं पाडलं, त्या नानकांचं नाव धारण करणारा माणूस वारणेकाठी पडला.

तेव्हा हा मुलूख सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. नागनाथअण्णांनी वाळव्याला सहकारी साखर कारखाना काढला तेव्हा त्याला हुतात्मा किसन अहिरांचं नाव दिलं. वाळव्यात किसन अहिरांची आठवण निघाली की नानकसिंगचंही नाव निघतं.