मुक्ताबाईंनी दुःख कसं मांडलं

गटाच्या बैठकीत माईक पुढे केला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "आमचं काय असतंय बाई सांगण्यासारखं!" म्हणून आज एका शाळकरी मुलीची गोष्ट सांगते.

साल १८५५. पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांच्या शाळेत मुक्ताबाई नावाची मांग समाजातली मुलगी शिकत होती. वय साधारण १४, शिक्षण तीनेक वर्षांचं. तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. हे पत्र १८४२ साली अहमदनगरला अमेरिकन मिशनऱ्यांनी सुरू केलं होतं.

तिनं नुसतं "आमच्यावर फार अन्याय होतो" असं म्हटलं असतं, तर वाचणाऱ्यानं हळहळून पान उलटलं असतं. तिनं प्रसंग दाखवले. आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्पर नसतं, थंडी-पावसात त्यांचे हाल होतात, वैद्याला द्यायला पैसा नसतो, हे तिनं लिहिलं. उच्च जातीच्या पोरांनी दगड मारून रक्त काढलं तरी आमची मुलं गप्प बसतात, असंही लिहिलं. का गप्प बसतात? उरलंसुरलं मागायला त्याच दारात जायचं असतं म्हणून. एवढ्या एका कारणात सगळी गावरचना उघडी पडते.

आता एक बारकावा बघा. बाजीरावाच्या काळात मांग-महार तालीमखान्यावरून गेला तर त्याचं डोकं उडवून तलवारीनं चेंडूफळी खेळत, असंही ती सांगते. पण पेशवाई बुडाली १८१८ मध्ये, म्हणजे निबंधाच्या ३७ वर्षं आधी. ते तिनं डोळ्यांनी पाहिलेलं असणं शक्य नाही. ती थोरामोठ्यांकडून आलेली आठवण होती. बाळंतिणींचे हाल आणि पोरांना बसणारे दगड मात्र तिच्या काळातले, तिच्या वस्तीतले. ऐकलेलं आणि भोवती चाललेलं, दोन्ही तिनं जपलं. इतिहासाला दोन्ही लागतं, फक्त कोणतं कुठलं हे कळायला हवं.

आणि ती रडून थांबली नाही, तिनं प्रश्न विचारला. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आम्हाला धर्मपुस्तक कुठलं? मग आमचा धर्म कुठला? शेवटी आपल्याच लोकांना तिनं शिकायला सांगितलं.

मुक्ताबाईंच्या पुढच्या आयुष्याविषयी आपल्या हाती फारसं काही नाही. एक निबंध छापला गेला म्हणून आज १७० वर्षांनी तिचं नाव आपण घेतो. त्याच वस्तीतल्या ज्या बाया उघड्यावर बाळंत झाल्या, त्यांची नावं कुणीच लिहिली नाहीत.

म्हणून या आठवड्यात एक काम करा. आपल्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या आजीजवळ बसा. बहात्तरच्या दुष्काळाचं विचारा, खडीच्या कामाचं विचारा. मध्ये बोलू नका. कुठं, केव्हा, सोबत कोण होतं, हातात काय होतं, ते टिपून घ्या. तिनं पाहिलेलं वेगळं लिहा, ऐकलेलं वेगळं लिहा. लिहिलेलं तिला वाचून दाखवा आणि नाव घालू का, हेही विचारा. ती नको म्हणाली तर नाव गाळा, पण गोष्ट तिच्या मर्जीनंच बाहेर न्या.

आणि मग माईकसमोर या. सांगण्यासारखं पुष्कळ आहे.