तांबडं फुटलं!

गेल्या शनिवारी सकाळी गॅसवर भलंमोठं पातेलं चढवलं होतं आणि नेमका तेव्हाच पुण्याहून आईचा व्हिडिओ कॉल आला.

"काय रे, एवढं काय उकळतंय? जेवायला कोण येणारेत का?"

"नाही गं, बिअर करतोय."

दोन सेकंद शांतता. मला वाटलं नेट गेलं.

"घरात दारू गाळतोयस? एवढं शिकूनसवरून?"

आता तिला समजावणं आलं. म्हटलं, आई, गाळतात ती हातभट्टीची. बिअर नुसती आंबवतात, तुझ्या इडलीच्या पिठासारखी. मग पातेल्यातली कापडी पिशवी वर काढून दाखवली. "हे सातूचे दाणे आहेत. भिजवून, मोड आणून, वाळवून, भाजलेले."

"म्हणजे नाचणीचं सत्व करतो तसंच की! मग तसं सांग ना." आईचा आवाज एकदम खाली आला. आणि फोन ठेवता ठेवता तिने एक गुगली टाकली, "पण काय रे, तुमच्या तिकडे विकत नाही का मिळत?"

प्रश्न अगदी रास्त आहे. मी राहतो कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सला. इथे दर दोन चौकांआड एक ब्रूअरी आहे. पुण्यातल्या माणसाने घरी बाकरवडी तळत बसावं, तसला हा प्रकार. मी उत्तर दिलं, "मला हवी ती नाही मिळत आता." पण ते पुरेसं नव्हतं. पूर्ण उत्तरासाठी थोडा इतिहास लागतो, म्हणून आजचा हा लेख. (आई हे वाचते. आई, शेवटपर्यंत वाच.)

मी करत होतो ती अंबर एल. अंबर म्हणजे मधासारखा, तांबूस रंग. तो आणखी गडद झाला की रेड एल. आपल्याकडे बिअर म्हटलं की डोळ्यासमोर येते ती पिवळी, पाण्यासारखी पारदर्शक किंगफिशर. ती लागर. लागरचं यीस्ट थंडीत सावकाश काम करतं. एलचं यीस्ट साधारण खोलीच्या तापमानाला खूश असतं आणि आठवडा-दोन आठवड्यांत काम उरकतं. म्हणून घरी करणाऱ्यांची सुरुवात बहुतेक एलनेच होते.

तांबडा रंग येतो दाण्यांच्या भाजण्यातून. मोड आलेले सातू ओले असतानाच गरम केले की दाण्याच्या आतच पिठूळ भागाची साखर होते. मग ते भाजले की ती साखर आतल्या आत खरपूस होते. याला म्हणतात क्रिस्टल मॉल्ट. पाण्यात टाकलं की घरभर हॉर्लिक्सचा वास सुटतो. आणि रंग मोजायलाही एकक आहे बरं का! जोसेफ लोव्हिबाँड नावाच्या इंग्लिश ब्रूअरने १८८५ साली रंगीत काचांच्या पट्ट्यांशी ताडून बिअरचा रंग मोजायचं यंत्र काढलं. ही कल्पना त्याला सॉल्झबरीच्या कॅथीड्रलमधल्या रंगीत खिडक्यांवरून सुचली असं सांगतात. आजही मॉल्टच्या पाकिटावर "४० लोव्हिबाँड", "६० लोव्हिबाँड" असे आकडे असतात.

पण आपली गोष्ट रंगाची कमी आणि कायद्याची जास्त आहे.

१९२० साली अमेरिकेत दारूबंदी आली. कायद्याने घरी सायडर आणि फळांचे रस करायला पळवाट ठेवली होती, बिअरला नव्हती. बंद पडलेल्या ब्रूअरींनी मग एक युक्ती काढली. सातूच्या गोड काढ्याचा घट्ट पाक करून डब्यांतून विकायचा. बडवायझरवाल्यांचाही असा पाक होता. कागदोपत्री तो पाव-बिस्किटांसाठी. एवढा पाव अमेरिकेत कोण खात होतं, हे विचारायचं नाही! :-)

१९३३ मध्ये दारूबंदी उठली. घरी वाइन करायला रीतसर परवानगी मिळाली. बिअरला मात्र नाही. म्हणजे पुढची पंचेचाळीस वर्षं या देशात शेजाऱ्याने तळघरात द्राक्षं तुडवली तर तो छांदिष्ट, आणि तुम्ही सातू उकळलेत तर गुन्हेगार. पकडायला फारसं कोणी येत नसे, हे खरं. पण जी गोष्ट बेकायदा आहे तिचं मोकळेपणाने दुकान निघत नाही, वर्ग चालत नाहीत, आणि एकाची चूक दुसऱ्याला कळत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर कोड होता, पण कम्युनिटी नव्हती.

तोवर बाजारात काय झालं? मोठ्या कंपन्यांनी छोट्यांना गिळलं किंवा संपवलं. १९७०च्या दशकाच्या अखेरीस एवढ्या मोठ्या देशात शंभराहून कमी ब्रूअरी उरल्या होत्या आणि जवळजवळ सगळ्या एकाच फिक्या पिवळ्या रंगाची लागर करत होत्या.

१४ ऑक्टोबर १९७८ रोजी जिमी कार्टर यांनी एका विधेयकावर सही केली. विधेयक मुळात होतं ट्रक, बस आणि ट्रॅक्टर यांच्यावरच्या करांचं! त्यात कॅलिफोर्नियाचे सिनेटर ॲलन क्रॅन्स्टन यांच्या दुरुस्तीने घरगुती बिअरचं कलम आत शिरलं. एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त प्रौढांच्या घराला २०० गॅलन. विकायची नाही, घरी प्यायची, कर नाही. फेब्रुवारी १९७९ पासून हे लागू झालं. ही सूट केंद्र सरकारपुरती होती. राज्यांनी आपापलं ठरवायचं होतं, आणि शेवटची दोन राज्यं, मिसिसिपी आणि अलाबामा, २०१३ मध्ये तयार झाली. (सरकारी पॅच रोलआउट. जगात कुठेही जा, वेग तोच.)

आता गंमत बघा. अमेरिकेच्या बिअरमध्ये नंतर जी क्रांती झाली, ती करणारे बरेचसे लोक याच स्वयंपाकघरांतून आले. जॅक मॅकॉलिफ नौदलात तंत्रज्ञ होता. स्कॉटलंडमध्ये पोस्टिंग असताना तिथल्या एलची चटक लागली, तिथेच घरी बिअर करायला शिकला. परत आल्यावर १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सोनोमात त्याने 'न्यू अल्बियन' ब्रूअरी काढली. यंत्रं परवडत नव्हती, म्हणून भंगारातून आणून स्वतः जोडली. १९८२ मध्ये ती बंद पडली, पण तिची भांडी आणि माणसं पुढच्या वर्षी उत्तरेला हॉपलंड गावात सुरू झालेल्या मेंडोसिनो ब्रूइंगला मिळाली. (गावाचं नावच हॉप्सच्या शेतीवरून पडलेलं.) त्यांची रेड टेल एल ही अमेरिकन अंबर एलच्या अगदी पहिल्या नमुन्यांपैकी एक. नाव लाल शेपटीच्या ससाण्याचं.

त्या काळी गिऱ्हाइकाला "पेल एल" वगैरे सांगून काही कळत नसे. रंग मात्र काउंटरपलीकडूनही दिसायचा. ग्लासातला तांबूस रंग म्हणजे जाहिरातच होती, की ही ती नेहमीची नव्हे.

आणि इथे आपल्या ओळखीचं एक नाव येतं. १९९७ मध्ये मेंडोसिनोचा मोठा हिस्सा घेतला तो विजय मल्ल्यांच्या यूबी ग्रुपने! पुढे अमेरिकेतल्या देशी रेस्टॉरंटांत मिळणारी किंगफिशर याच कंपनीत बनू लागली. म्हणजे एच-वन-बीवर आलेला आपला बंड्या बटर चिकनसोबत "घरची" बिअर म्हणून जी पीत होता, ती ससाण्याच्या घरट्यात उबवलेली होती.

दुसरी गोष्ट माझ्या गावची. जेफ लेबेश हा फोर्ट कॉलिन्सचा इलेक्ट्रिकल इंजिनिअर, घरी बिअर करणारा. १९८०च्या दशकाच्या शेवटी तो जाड टायरची माउंटन बाइक घेऊन बेल्जियम फिरला, तिथल्या बिअर चाखल्या आणि परत येऊन तळघरात प्रयोग सुरू केले. १९९१ मध्ये त्याने आणि बायको किम जॉर्डनने त्याच तळघरातून न्यू बेल्जियम कंपनी सुरू केली. बाटल्या भरणं आणि गावभर पोचवणं हे काम किमकडे होतं. त्यांची अंबर एल म्हणजे फॅट टायर. भाजलेल्या पावाच्या कडेसारखी चव. मी इथे आलो तेव्हा ऑफिसातल्यांनी पहिल्या शुक्रवारी मला हीच पाजली. या गावाची माझी पहिली आठवण म्हणजे ती चव आणि बाहेर पडणारा बर्फ.

रेड एलचं आयरिश घराणं वेगळं. तिथे मूठभर करपेपर्यंत भाजलेल्या सातूने माणकासारखी लाल झाक येते. त्या घराण्याचं नशीबही तसंच. वेक्सफर्डमधल्या एनिस्कॉर्थीची लेट कुटुंबाची ब्रूअरी १९५६ मध्ये बंद झाली. वारस जॉर्ज किलियन लेट यांनी नाव आणि परवाना परदेशी दिला. १९८१ पासून अमेरिकेत कूर्स कंपनी 'किलियन्स आयरिश रेड' विकू लागली. नाव आयरिश, पण आतली बिअर आज चक्क लागर आहे. पाटी जुनी, मालक नवा, चव तिसरीच.

आता नवशिक्यांसाठी थोडं स्वयंपाकघरात येतो. पहिली बिअर करायची तर अंबरच का? कारण ती क्षमाशील आहे. फिक्या लागरमध्ये बारीकशी चूकही जिभेवर येते. अंबरमधला खरपूस गोडवा बऱ्याच गोष्टी पोटात घालतो. माझं साधं प्रमाण असं, १९ लिटरसाठी. साधारण ४५० ग्रॅम क्रिस्टल मॉल्ट (६० लोव्हिबाँड) भरडून कापडी पिशवीत घालून ६५ ते ७० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवायचं. पिशवी काढून ३ किलो फिका मॉल्टचा पाक त्यात विरघळवायचा. (होय, दारूबंदीतल्या त्या "पावाच्या" पाकाचा वंशज.) मग तासभर उकळायचं. सुरुवातीला कडवटपणासाठी २५-३० ग्रॅम हॉप्स, शेवटी वासासाठी तेवढेच. मी कॅस्केड वापरतो, ते वाण १९७२ मध्ये ओरेगनहून आलं आणि या सगळ्या बिअरींचा वास त्यानेच ठरवला. मग झटपट थंड करायचं, एलचं यीस्ट घालायचं आणि १८ ते २० अंशांना दोन आठवडे विसरून जायचं. उकळीनंतर मात्र कडक सोवळं. जे जे बिअरला शिवेल ते ते जंतुनाशकात बुडवलेलं हवं. शेवटी फेसासाठी १२० ग्रॅमच्या आसपास साखर उकळून मिसळायची, बाटल्या भरायच्या आणि आणखी दोन आठवडे थांबायचं. पन्नासेक बाटल्या होतात, साधारण पाच टक्क्यांची बिअर.

"विसरून जायचं" आणि "थांबायचं" हे शब्द हलके घेऊ नका. माझ्या पहिल्या खेपेला पाचव्या दिवशी बुडबुडे थांबले तसं मी ठरवलं, झालं. हायड्रोमीटर खोक्यातच राहिला. म्हणजे टेस्ट न करता थेट प्रॉडक्शनवर. आत साखर शिल्लक होती, वर मी आणखी घातली. आठ-दहा दिवसांनी पहाटे पाच वाजता कपड्यांच्या कपाटातून धाड धाड धाड आवाज आले. बायको उठून बसली, दार उघडलं, क्षणभर बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "तांबडं फुटलं." भाड्याच्या घराचा गालिचा पांढरा होता. डिपॉझिट गेलं. तेव्हापासून मी दोन दिवसांच्या अंतराने हायड्रोमीटरचा आकडा बघतो, आणि तो तीनदा सारखा आल्याशिवाय बाटलीला हात लावत नाही.

असो. आता आईचा प्रश्न. विकत का नाही मिळत?

कारण २०१८च्या जानेवारीत मेंडोसिनो ब्रूइंग बंद पडली आणि तिच्याबरोबर रेड टेलही गेली. २०१९ मध्ये न्यू बेल्जियम जपानच्या किरिन समूहातल्या कंपनीला विकली गेली. २०२३ मध्ये फॅट टायरची कृतीच बदलली. रंग सोनेरी झाला, चव हलकी झाली, लेबलावरचा "अंबर" शब्द गेला. खप कमी होत होता, लोकांना फिकी हवी होती. कंपनीचा निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही. गिऱ्हाईक नसेल तर माल कोण करेल? पण ती बदलायच्या आधी कित्येक वर्षं लोक घरोघरी तिची नक्कल करत होते. कुठला मॉल्ट किती, कुठलं यीस्ट, सगळं चाखून चाखून जुळवलेलं. कारखान्याने अंबर सोडली, पण जिथून ती निघाली होती त्या स्वयंपाकघरांत ती परत गेली. तिला परत जायला जागा होती, कारण १९७८ मध्ये कोणीतरी ट्रक-ट्रॅक्टरच्या कायद्यात चार ओळी घातल्या होत्या. रिपॉझिटरी डिलीट झाली, पण फोर्क जिवंत आहेत!

(महाराष्ट्रातल्या दोस्तांनो, उत्साहात येऊ नका. तिथे १९४९चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे. पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झाल्यापासून ताजी एल प्यायला मिळते, हे काय कमी आहे? थोडं कमी आहे, खरं सांगायचं तर. पिण्याचा परवाना मिळतो, पण करून बघायची मोकळीक नाही. आणि नवीन काही निघतं ते करून बघणाऱ्याकडूनच.)

आईला हे सगळं फोनवर सांगितलं. ती जरा थांबून म्हणाली, "आजीचा गोडा मसाला कुठे विकत मिळतो? मी करते म्हणून आहे."

चौदाशे शब्द खर्चून मला जे सांगायचं होतं ते बाईंनी दोन वाक्यांत आटपलं. चला, बाटल्या धुवायच्या आहेत.