लंडनच्या शेगड्या

५ डिसेंबर १९५२ रोजी लंडनवर थंड, स्थिर हवा साचली आणि तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसला. एरवी वर निघून जाणारा धूर खालीच कोंडला. पाच दिवस शहर धुरक्यात बुडाले. सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात तर ते आत शिरले आणि प्रयोग मध्येच थांबवावा लागला. सरकारी हिशेबाने सुमारे ४००० माणसे दगावली. पुढच्या अभ्यासकांनी हा आकडा १२००० पर्यंत नेला.

हा धूर कुणाचा, हा प्रश्न आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो. १६६१ साली जॉन एव्हलिनने धुराविरुद्ध पुस्तिका लिहिली, तेव्हा दोष दिला तो बिअर बनवणारे, रंगारी आणि चुनाभट्टीवाले यांना. स्वयंपाकाच्या चुलींना नव्हे. १८९१ च्या लंडनच्या आरोग्य कायद्यातही राहत्या घरांची धुराडी वगळलेली होती. घरच्या शेगडीला हात लावायचा कुणी? ती तर इंग्रज कुटुंबाची जिव्हाळ्याची जागा!

पण शेगडीत कोळसा अर्धवट जळतो आणि धूर घरांच्या छपरांलगतच सुटतो. १९५४ साली बीव्हर समितीने दाखवून दिले, की जवळजवळ अर्धा धूर घरांतूनच येतो. १९५६ चा कायदा म्हणूनच वेगळा. त्याने धूरमुक्त विभाग ठरवायची सोय केली आणि शेगडी बदलण्याच्या खर्चाचा मोठा वाटा सार्वजनिक तिजोरीतून दिला. काम मात्र वस्तीवस्तीने, सावकाश चालले. डिसेंबर १९६२ मध्ये पुन्हा तसेच झाकण बसले, तेव्हाही शेकडो माणसे गेली.