टोपी चुकली

अंगठ्याच्या एका पेराएवढा, २८ मिलिमीटर उंचीचा धातूचा शिपाई. त्याच्या कॉलरचा रंग पिवळा की हिरवा, यावरून दोन पोक्त माणसं अर्धा तास हुज्जत घालताना मी पाहिली आहेत. तुम्ही हसाल. मीही हसलो होतो. पण नोकरीच्या निमित्ताने काही वर्षं इंग्लंडमध्ये काढली आणि पुढे त्या हुज्जतीत मीही ओढला गेलो.

या छंदाला तिकडे वॉरगेमिंग म्हणतात. टेबलावर टेकड्या, शेतं, घरं मांडायची, रंगवलेल्या शिपायांच्या पलटणी उभ्या करायच्या, टेपने मोजून त्या पुढे सरकवायच्या आणि फासे टाकून हारजीत ठरवायची. कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली 'लिटल वॉर्स' या पुस्तकात अशा खेळाचे नियम लिहिले. त्यांच्या खेळात फासे नव्हते, खेळण्यातल्या तोफेने समोरचे शिपाई खरोखर पाडायचे. १९६२ मध्ये डोनल्ड फेदरस्टन यांचं 'वॉर गेम्स' आलं आणि हा छंद बराच पसरला. यात सर्वांची आवडती लढाई म्हणजे वॉटर्लू, १८ जून १८१५. आपल्या असईच्या लढाईतला आर्थर वेलस्ली तोवर ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला होता.

माझी पहिली पलटणही वॉटर्लूचीच. इंग्रज गार्ड म्हणजे लाल कोट आणि अस्वलाच्या कातड्याची उंच काळी टोपी, हे लंडनच्या राजवाड्यासमोर उभं राहिलेल्या कोणालाही ठाऊक असतं. मी तसे चोवीस शिपाई मागवले, महिनाभर रात्री जागून रंगवले आणि एका रविवारी मोठ्या ऐटीत टेबलावर मांडले. समोरच्या गृहस्थांनी चष्मा पुसला आणि हे कुठल्या लढाईतले, असं शांतपणे विचारलं.

चूक टोपीची होती. वॉटर्लूवर या गार्डांच्या डोक्यावर अस्वली टोपी नव्हतीच. इतर पायदळासारखी शाको नावाची नळकांड्यासारखी टोपी होती. त्या संध्याकाळी नेपोलियनच्या शाही गार्डचा शेवटचा हल्ला त्यांनी परतवला. हल्ला करणारे फ्रेंच ग्रेनेडियर होते, अशी समजूत झाली आणि बक्षीस म्हणून 'ग्रेनेडियर गार्ड्स' हे नाव व ती टोपी साऱ्या पलटणीला मिळाली. म्हणजे टोपी आली ती लढाईनंतर. गंमत पुढेच आहे. त्यांच्यासमोर आलेले बहुतांशी ग्रेनेडियर नव्हते, शासर होते, असं आज बरेच अभ्यासक मानतात. शाही गार्डच्या काही पलटणी त्याच वर्षी घाईघाईने उभ्या केलेल्या होत्या. त्यातल्या अनेकांना अस्वली टोपी मिळालीच नव्हती. कोणाला शाको, कोणाला जुनी दुटोकी टोपी, अंगावर ओव्हरकोट. चित्रांमधून मात्र दोन्हीकडे अस्वलांची झुंज दिसते.

चित्रांचा हा दोष मोठा आहे. लेडी बटलर यांचं १८८१ चं 'स्कॉटलंड फॉरएव्हर' हे चित्र पाहा. स्कॉट्स ग्रेज घोडदळ डोळ्यांसमोर चौखूर उधळतं. लढाई होऊन तेव्हा सहासष्ट वर्षं झाली होती. आदल्या रात्रीच्या पावसाने जमीन चिखल झालेली, तिथे अशी दौड शक्यच नव्हती. पुस्तकांतल्या गणवेशाच्या तक्त्यांचंही तसंच. ते सरकारी नियम सांगतात, आणि नियम हा दर्जीच्या दुकानातला. फ्रान्समध्ये जानेवारी १८१२ मध्ये आखूड कोटाचा नवा नियम निघाला. त्याप्रमाणे शिवलेले कोट अनेक पलटणींना पुढच्या वर्षापर्यंत मिळाले नव्हते. स्पेनमध्ये वर्षानुवर्षं लढणाऱ्या इंग्रज शिपायांच्या विजारी फाटल्या, तेव्हा तिथल्या तपकिरी कापडाची ठिगळं लागली. टोप्यांवर मेणकापडाचं आवरण चढलं. शिपायांकडे काडतुसं पुरेशी आहेत ना, एवढं वेलिंग्टन पाहत असे. विजारीचा रंग त्याने कधी विचारला नाही, असं त्याच्याच एका अधिकाऱ्याने लिहून ठेवलं आहे.

रंगाच्या मागे व्यापारही असतो. १८०६ मध्ये नेपोलियनने निळे कोट सोडून पांढरे घालण्याचा हुकूम काढला, कारण निळीची टंचाई. समुद्र इंग्रजांच्या ताब्यात, बंगालची नीळही त्यांच्याच हाती. पण पांढऱ्यावर रक्त फार दिसतं. १८०७ च्या आयलाऊच्या लढाईनंतर ते नकोसे झाले, असं सांगतात. हुकूम मागे घेतला गेला. इंग्रजांचा लाल तरी एक कुठे होता? साध्या शिपायाचा कोट मंजिष्ठासारख्या मुळीच्या रंगाचा, उन्हापावसात विटकरी होणारा. सार्जंट आणि अधिकाऱ्यांचा भडक किरमिजी. एकाच रांगेत दोन लाल! हे ध्यानात आल्यावर मी रंगाच्या दोन बाटल्या ठेवू लागलो.

एवढी चिकित्सा कशाला, असं आमच्या घरात अनेकदा विचारलं गेलं आहे. त्याला मी नासाऊच्या शिपायांची गोष्ट सांगतो. हे छोटं जर्मन संस्थान १८१३ पर्यंत नेपोलियनच्या बाजूचं. मग ते उलटलं आणि वॉटर्लूवर वेलिंग्टनच्या डाव्या टोकाला, पापलोतच्या शेतवाडीजवळ, प्रिन्स बर्नहार्डच्या हाताखाली उभं राहिलं. पक्ष बदलला, पण कोटाची शिवण अजून फ्रेंच ढंगाची. संध्याकाळी मदतीला येणाऱ्या प्रशियन फौजेला धुरातून हे दिसले ते फ्रेंच म्हणूनच. त्यांनी गोळ्या घातल्या, नासाऊवाल्यांनी उत्तर दिलं. ओळख पटेपर्यंत दोन्हीकडचे जर्मन बोलणारे दोस्त एकमेकांच्या हातून मेले. टेबलावर हे शिपाई सोयीखातर इंग्रजांसारखे लाल रंगवले, तर प्रशियनांनी गोळ्या का झाडल्या, हे समोर बसलेल्या पोराला कसं सांगणार?

विल्यम सायबोर्न या अधिकाऱ्याला हे कळलं होतं. वॉटर्लूची प्रतिकृती करायची म्हणून त्याने रणभूमीवर आठ महिने मुक्काम ठोकून जमीन मोजली. हयात अधिकाऱ्यांना पत्रं पाठवून, तुम्ही त्या वेळी कुठे होता, समोर कोणतं पीक होतं, हे विचारलं. सत्तर हजारांहून अधिक इवले शिपाई मांडलेली ती प्रतिकृती १८३८ मध्ये लंडनमध्ये लोकांना दाखवली गेली, आणि आज ती तिथल्याच नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. मी तिच्यासमोर दोन तास उभा होतो.

सध्या हातात ३३ वी पलटण आहे, वेलस्ली हिंदुस्थानात आला तो हीच घेऊन. तिच्या कॉलरचा आणि बाह्यांच्या टोकांचा रंगही लालच. त्यामुळे पाहणारा हमखास म्हणतो, इथे रंगवायचं राहिलं वाटतं. ते अस्वली टोपीचे चोवीस गार्ड कपाटात आहेत. कोट १८१५ चा, टोपी त्यानंतरची. त्यांच्यासाठी लढाई काही अजून सापडलेली नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)