जुन्या पद्मिनीच्या चाकांचा खडखडाट

उदगीरहून लातूर, देगलूर वा सीमेपलीकडील बीदर, कोठेही निघाले तरी काळ्या मातीची साथ सुटत नाही. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्यावरील रस्ता उंचसखल होतो. अशा रस्त्यावर जुन्या मोटारीची चाके खडखडू लागली, की 'जुनी गाडी, वाजणारच' असे म्हणून दुर्लक्ष केले जाते. ते जिवावर बेतू शकते. टोपीचा निरुपद्रवी खुळखुळाट आणि सैल नटांची खडखड कानाला जवळपास सारखीच वाटते.

मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली आणि अनेकांच्या तोंडी 'फियाट'च राहिलेली प्रीमियर पद्मिनी हे याचे नेहमीचे उदाहरण. तिचे उत्पादन २००१ च्या सुमारास थांबले. सुटे भाग शोधावे लागत असल्याने अंदाजाने भाग बदलण्यापूर्वी अचूक निदान आवश्यक ठरते.

नट आणि टोप्या : आवाज येताच गाडी बाजूला घेऊन प्रथम चाकांचे नट-बोल्ट तपासावेत. ते समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. रिमची छिद्रे लांबट झाली असल्यास ती रिम वापरू नये. नट घट्ट असतील, तर चारही चकचकीत टोप्या काढून थोडे अंतर गाडी चालवावी. आवाज थांबला, तर दोष सैल टोपीचा किंवा तिच्यात अडकलेल्या खड्याचा होय.

ब्रेक : पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ब्रेकवर हलकेच पाय ठेवताच खुळखुळ थांबत असेल, तर ड्रममधील शू अथवा त्यांच्या स्प्रिंग सैल झाल्या असाव्यात.

बेअरिंग : वेगाबरोबर वाढणारी घरघर बेअरिंगकडे बोट दाखविते. डावीकडे वळताना ती वाढल्यास बहुधा उजव्या चाकात दोष असतो, कारण वळणात भार त्या बाजूला जातो. मागील चाकांना दगड लावून पुढील चाक जॅकवर उचलावे, गाडीला भक्कम आधार द्यावा आणि चाक वर-खाली धरून हलवावे. ते हलत असल्यास दुसऱ्याला ब्रेक दाबण्यास सांगावे. हालचाल थांबली, तर बेअरिंग ढिले आहे. ती कायम राहिली, तर चाकामागील सांधे झिजले आहेत. चाक डावी-उजवीकडे धरून हलत असेल, तर स्टिअरिंगचे सांधे तपासावेत.

केवळ खड्ड्यांत येणारा आणि वेगाशी संबंध नसलेला आवाज बहुधा चाकाचा नसतोच. शॉक अॅब्सॉर्बरचे रबरी बुश किंवा मागील पाट्यांचे जोड पाहावेत.

सैल नट, लांबट छिद्रे किंवा ढिले बेअरिंग आढळल्यास दुरुस्तीपूर्वी गाडी चालवू नये. चाक काढून पुन्हा बसविल्यास सुमारे १०० किलोमीटरनंतर नट परत आवळून घ्यावेत.