रत्नागिरीचे नाटक आणि गोमंतकाचा गायकनट

वि. दा. सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत लिहिलेले ‘संन्यस्त खड्ग’ हे संगीत नाटक १८ सप्टेंबर १९३१ रोजी मुंबईत बलवंत संगीत मंडळीने प्रथम रंगभूमीवर आणले, तेव्हा मराठी नाट्यव्यवसायाच्या इतिहासात दोन निराळ्या सीमा एका पडद्यामागे येऊन भेटल्या. नाटककाराला रत्नागिरी जिल्ह्याची हद्द सरकारी परवानगीशिवाय ओलांडण्याची मनाई होती, तर ज्या गायकनटाच्या नावावर ही मंडळी चालत होती ते मास्टर दीनानाथ मंगेशकर पोर्तुगिजांच्या अमलाखालील गोमंतकात जन्मलेले होते आणि त्यांची कारकीर्द मुख्यतः ब्रिटिश मुलखात व संस्थानांतून घडली. परकीय सत्तेच्या प्रदेशात जन्मलेला नट दुसऱ्या सत्तेच्या प्रदेशात प्रथम रंगभूमीवर आणि पुढे बोलपटात कसा वावरला, हे समजून घेण्यास दीनानाथांच्या चरित्राइतके बोलके उदाहरण मराठीत क्वचितच सापडेल.

दीनानाथांचा जन्म २९ डिसेंबर १९०० रोजी फोंडा परिसरातील मंगेशी येथे झाला. त्यांची आई येसूबाई देवळाच्या सेवेशी बांधल्या गेलेल्या कलावंत समाजातील होती. या समाजाकडे गाण्याची विद्या पिढ्यान्पिढ्या होती, पण त्या विद्येच्या मानाने प्रतिष्ठा मात्र त्याच्या वाट्याला आली नव्हती. आडनाव गावावरून घेण्याच्या गोमंतकीय रीतीतून ‘मंगेशकर’ हे नाव पुढे रूढ झाले. घरात कोंकणी आणि कीर्तन-नाटकात मराठी अशा दुहेरी भाषाव्यवहारात वाढलेल्या या मुलाला मराठी रंगभूमी परकी वाटण्याचे कारण नव्हते. राज्य पोर्तुगिजांचे असले तरी गोव्याच्या देवळांच्या उत्सवांत होणारी नाटके मराठीच होती. म्हणूनच गोमंतकीय कलावंतांच्या स्थलांतराची तुलना युरोपातून अमेरिकेत गेलेल्या नटांशी करताना एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. हंगेरीत जन्मलेल्या बेला लुगोसीला न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर इंग्रजी उच्चारांशी झगडावे लागले. ‘ड्रॅक्युला’ने त्याला आधी तेथे आणि १९३१ साली पडद्यावर कीर्ती दिली, परंतु त्याच परक्या उच्चारांनी त्याला पुढे एका साच्याच्या भूमिकांत अडकवूनही ठेवले. दीनानाथांची अडचण उच्चारांची नव्हती. ती पुढे दुसऱ्याच ठिकाणी उभी राहिली.

किर्लोस्कर नाटक मंडळीतून १९१३ मध्ये बालगंधर्व, गणेशराव बोडस आणि गोविंदराव टेंबे बाहेर पडले व त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. त्यामुळे १८८०च्या ‘शाकुंतला’पासून चालत आलेल्या त्या जुन्या मंडळीला स्त्रीभूमिकेसाठी नव्या गळ्याची निकड निर्माण झाली. त्या काळी स्त्रीभूमिका पुरुषच करीत आणि त्यांसाठी चांगल्या आवाजाची पोरसवदा मुले मंडळीत ठेवून त्यांना गाणे, संवाद व वावर शिकवला जाई. दीनानाथ असेच वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले. नाटक मंडळी ही आजच्या नाट्यसंस्थेहून फार वेगळी व्यवस्था होती. मालक किंवा भागीदार, नट, साथीदार, आचारी आणि पडदे ओढणारे नोकर असा सारा कबिला एकत्र राहत असे, मुक्काम हलला की पडदे, कपडेपट व भांडीकुंडी यांसह गावोगाव फिरत असे, आणि मराठवाड्यापासून कर्नाटकापर्यंत जेथे रसिक व आश्रयदाते मिळत तेथे महिना-दोन महिने तळ देत असे. पोर्तुगीज, ब्रिटिश आणि संस्थानी अशा तीन प्रकारच्या राजवटींत विभागलेल्या मराठी मुलखाला एका नाट्यसंगीतात बांधण्याचे काम या फिरत्या बिऱ्हाडांनी केले, आणि ते कोणत्याही साहित्य परिषदेच्या ठरावाहून मोठे होते.

१९१८ मध्ये दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनी किर्लोस्कर मंडळी सोडून बलवंत संगीत मंडळी स्थापन केली. राम गणेश गडकरी यांनी जानेवारी १९१९ मधील आपल्या मृत्यूपूर्वी पूर्ण केलेले अखेरचे नाटक ‘भावबंधन’ या मंडळीला मिळाले आणि त्यातील लतिकेच्या भूमिकेने दीनानाथांचे नाव झाले. पुढे ‘मानापमान’मधील धैर्यधर, वीर वामनराव जोशी यांच्या ‘रणदुंदुभी’तील तेजस्विनी अशा स्त्री-पुरुष दोन्ही प्रकारच्या भूमिका त्यांनी गाजवल्या. सावंतवाडीकडील वझरे गावचे रामकृष्णबुवा वझे यांची तालीम त्यांना लाभली होती. तरीही त्यांच्या गाण्याचा पिंड गुरूंच्या चाकोरीत मावणारा नव्हता. चढ्या सुरात अकस्मात झेप घेणाऱ्या वेगवान ताना आणि पंजाबी ढंगाच्या लहान, चपळ हरकती हे त्याचे वैशिष्ट्य होते. बालगंधर्वांचे गाणे ऐकणाऱ्याला आर्जवाने जवळ घेई. दीनानाथांचे गाणे त्याला धक्का देऊन जागे करी, आणि वीररसाच्या नाटकांना म्हणूनच हा आवाज अधिक मानवला.

‘संन्यस्त खड्ग’ अशा आवाजासाठीच योग्य होते. सावरकर ६ जानेवारी १९२४ रोजी येरवड्याच्या तुरुंगातून सुटले ते दोन अटींवर: रत्नागिरी जिल्ह्यातच राहणे आणि राजकारणात भाग न घेणे. पाच वर्षांसाठी घातलेल्या या अटी पुढे वाढवल्या गेल्या. या काळात त्यांनी अस्पृश्यतानिवारणाचे कार्य केले, भागोजीशेठ कीर यांनी बांधलेले व सर्व हिंदूंना खुले असलेले पतितपावन मंदिर २२ फेब्रुवारी १९३१ रोजी उघडले गेले, आणि ‘उःशाप’, ‘संन्यस्त खड्ग’ व ‘उत्तरक्रिया’ ही तीन नाटके लिहिली गेली. बुद्धकालीन शाक्यांचा सेनापती विक्रमसिंह शस्त्र खाली ठेवून संन्यास घेतो आणि कोसलांच्या आक्रमणाने राष्ट्र संकटात सापडल्यावर पुन्हा खड्ग उचलतो, या कथानकातून आत्यंतिक अहिंसेविषयीचा समकालीन वाद मांडला गेला. राजकीय आशयाला पुराणाचा किंवा प्राचीन इतिहासाचा वेष देण्याची ही रीत मराठी रंगभूमीला नवी नव्हती. नाटककार खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर सरकारने १९१० मध्ये बंदी घातली ती त्या वेषाआडचा आशय ओळखूनच. राजकारणास मनाई असलेल्या लेखकाचे विचार जिल्ह्याबाहेर नेणारे वाहन म्हणजे नाटक मंडळी, आणि वझेबुवांनी बांधलेल्या चालींतून ते विचार सभेच्या भाषणापेक्षा अधिक लोकांच्या कानी गेले. नाटकातील मतांशी कोणी सहमत असो वा नसो, त्यातील पदांना लाभलेले दीर्घ आयुष्य मुख्यतः दीनानाथांच्या गळ्याचे देणे आहे.

परंतु १९३१ हेच वर्ष या व्यवसायाच्या अंताची सुरुवात ठरले. ‘आलम आरा’ हा पहिला हिंदी बोलपट १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत झळकला, पुढच्या वर्षी प्रभात कंपनीचा मराठी ‘अयोध्येचा राजा’ आला, आणि अवजड सामान व चाळीस-पन्नास माणसे घेऊन फिरणाऱ्या मंडळ्यांना डब्यांतून गावोगाव जाणाऱ्या चित्रपटाशी स्पर्धा करणे अशक्य झाले. बलवंतच्या चालकांनी काळाबरोबर जाण्यासाठी सांगलीत चित्रसंस्था काढली आणि १९३४ मध्ये ‘कृष्णार्जुन युद्ध’ हा बोलपट काढला, त्याच्या दिग्दर्शनात चिंतामणराव कोल्हटकरांबरोबर विश्राम बेडेकर होते. या आणि नंतरच्या चित्रपटांनी संस्था सावरली नाही. उलट कर्ज वाढले.

या अपयशाचे कारण केवळ व्यवहाराच्या अज्ञानात शोधणे पुरेसे नाही. संगीत नाटकातील पद हे प्रेक्षकांच्या साक्षीने वाढणारे असे: ‘वन्समोअर’ची, म्हणजे पद पुन्हा म्हणण्याची, मागणी आली की तीच ओळ नव्या वळणाने फुलत जाई, आणि दीनानाथांची प्रतिभा नेमकी या क्षणिक, ठरवून न येणाऱ्या विस्तारात होती. आरंभीच्या बोलपटात मात्र पद चित्रीकरणाच्या वेळीच ध्वनिमुद्रित करावे लागे, नटाला लपवलेल्या ध्वनिग्राहकापासून दूर सरकता येत नसे, गाण्याची लांबी आधीच ठरे आणि समोर दाद देणारे कोणी नसे. गाणे आधी मुद्रित करून नटाने त्यावर केवळ ओठ हलवण्याची पार्श्वगायनाची पद्धत १९३५ नंतर रुळू लागली. तिने गळा आणि चेहरा यांची फारकत केली, आणि गायकनट या संस्थेची गरजच उरली नाही. लुगोसीला पडद्याने एका चेहऱ्यात कोंडले. दीनानाथांना त्याने चेहऱ्यासह नाकारले आणि त्यांच्या गाण्याचा वारसा पुढच्या पिढीत अदृश्य आवाजाच्या रूपाने स्वीकारला. त्यांच्या कन्या लता मंगेशकर व आशा भोसले ज्या पद्धतीमुळे घराघरांत पोहोचल्या, तीच पद्धत वडिलांच्या व्यवसायाचा पाया काढून घेणारी होती.

दीनानाथांचे निधन २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात, वयाची बेचाळिशीही पूर्ण होण्याआधी झाले. पोर्तुगीज सत्ता गोव्यातून जाण्यास तेव्हा एकोणीस वर्षांहून अधिक काळ उरला होता. त्यांचे नाव आज पणजीच्या कला अकादमीतील रंगमंदिराला आणि मुंबईत विलेपार्ले येथील नाट्यगृहाला आहे, तर रत्नागिरीच्या नाट्यगृहाला सावरकरांचे. सावरकरांवरील बंधने १० मे १९३७ रोजी उठली आणि रत्नागिरीची हद्द त्यांना मोकळी झाली, तेव्हा ‘संन्यस्त खड्ग’ मुंबईत प्रथम उभे करणाऱ्या बलवंतच्या मूळ भागीदारांचा संच विखुरलेला होता.