गोळी देणारा हात

१८५६ मध्ये आगगाडी खोपोलीला पोचली आणि १८६३ मध्ये बोरघाट चढून वर गेली. घाटाच्या कामावर ऐन भरात ४० हजारांहून अधिक मजूर राबत होते आणि पटकीसारख्या साथींत पटापट मरतही होते. त्यांना औषध म्हणून जे मिळाले ते कोणी दिले, ते खरे होते की भेसळीचे, हे विचारणारा स्वतंत्र औषध कायदा तेव्हा देशात नव्हता. तो यायला आणखी सुमारे ऐंशी वर्षे लागली. तो आल्यानंतरचा इतिहास बहुतेक परवान्यांच्या अंगाने सांगितला जातो: किती दुकाने निघाली, किती तपासली, किती बंद झाली. घाटाच्या पायथ्याच्या कर्जत-खालापुरातून पाहिले, तर त्याच इतिहासातल्या सवलती अधिक ठळक दिसतात. स्टेशनाजवळच्या मेडिकलला कायद्याने नियम लावले, डोंगरातल्या वाडीला सूट दिली. ही सूट गरजेपोटी दिली गेली, हे मान्यच आहे. पण औषध देणाऱ्या माणसाची जबाबदारी ठरवणे हा या कायद्याचा खरा गाभा आहे, आणि सुटीच्या वाटेने नेमका तोच निसटला, असे माझे म्हणणे आहे.

कायद्याची सुरुवात हिवतापाच्या औषधापाशी होते, आणि सह्याद्रीच्या पायथ्याच्या या पट्ट्याला हिवताप काही परका नाही. ब्रिटिश सरकार क्विनाइनच्या पुड्या टपाल कचेऱ्यांतून विकत असे. वजन ठरलेले, किंमत ठरलेली आणि विकणारा सरकारी नोकर. बाजारातल्या क्विनाइनची मात्र अशी हमी नव्हती. कमी ताकदीच्या आणि बनावट मालाच्या तक्रारी वाढल्या, १९२७ मध्ये सर हारून जाफर यांनी कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये औषधनियंत्रणाचा ठराव मांडला आणि १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. १९४० चा औषध कायदा आणि १९४५ चे नियम या वाटेने आले. विक्रीच्या परवान्याची सक्ती १९४७ पासून सुरू झाली.

पण परवाना दुकानाला मिळतो आणि औषध माणूस देतो. ही फट १९४८ च्या फार्मसी कायद्याने ओळखली. तेव्हा पदविकाधारक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. म्हणून दवाखान्यात किमान पाच वर्षे औषधे बनवून देण्याचे काम केलेल्या कंपाउंडरांनाही पहिल्या नोंदवहीत जागा देण्यात आली. कायद्याने अनुभवी हात नाकारला नाही. त्याचे नाव लिहून घेतले आणि त्याला जबाबदार धरले. नोंदणी नसलेल्या माणसाने डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध देऊ नये, हे कलम ४२ मात्र लगेच सर्वत्र लागू झाले नाही. ज्या राज्यांनी तारीख ठरवली नव्हती, त्यांना १९७६ च्या दुरुस्तीनंतर आठ वर्षांची अखेरची मुदत मिळाली. दुकानाच्या पाटीवरही हाच भेद दिसावा, असा नियम आहे. फार्मासिस्ट लागत नाही अशा दुकानाने ‘ड्रगस्टोअर’ लिहायचे, फार्मासिस्ट असेल तर ‘केमिस्ट अँड ड्रगिस्ट’, आणि औषध बनवून देण्याची सोय असेल तरच ‘फार्मसी’.

आता सवलती पाहू. नियमांच्या परिशिष्ट ‘के’नुसार डॉक्टर आपल्याच रुग्णाला औषध देत असेल, तर त्याला विक्रीचा परवाना लागत नाही, मात्र त्याने खुले दुकान चालवता कामा नये. दुसरी सवलत खेड्यांची आहे. हजारापर्यंत वस्तीच्या गावात पॅरासिटामॉल, अॅस्पिरिन, ग्राइप वॉटर, एरंडेल, टिंक्चर आयोडीन, मलमपट्टी अशी घरगुती औषधे किराणा दुकानदार परवान्याशिवाय विकू शकतो. क्विनाइनच्या गोळ्याही त्या यादीत आहेत. टपाल कचेरीतली पुडी जणू वाण्याच्या फळीवर येऊन बसली. मुख्य अटी दोन आहेत: माल परवानाधारकाकडून घेतलेला असावा आणि मूळ बंद वेष्टनातच विकावा. म्हणजे पट्टी कापून दोन गोळ्या दिल्या, तरी अट मोडते. आणि हजार वस्ती मोजायची कुठली? इथल्या ठाकूरवाड्या, कातकरीवाड्या शे-दोनशे माणसांच्या, पण महसुली दप्तरात मोठ्या गावाला जोडलेल्या. गाव धरले तर सूट जाते, वाडी धरली तर राहते. सूट गेली, तर विनापरवाना विक्रीला किमान तीन वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. दुकानदाराला उमजेल असा हा नियम नाही.

यावर पहिला आक्षेप असा की, आता औषधे कारखान्यातूनच वेष्टनात येतात, मग मोजून द्यायला शिकलेला माणूस कशाला? पण वेष्टनाने वजनाची चूक टाळली, निवडीची नाही. प्रतिजैविके अर्धवट घेतल्याने ती निकामी होऊ लागली, म्हणून २०१४ पासून ‘एच-१’ यादीतल्या ४६ औषधांची वेगळी नोंदवही ठेवून ती तीन वर्षे जपावी लागते. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात विषारी ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने औषध खरेदीपासून तपासणीपर्यंतचा कारभार उघड केला. तसा विषारी माल बाजारात आला, तर तो कुठल्या वाडीत पोचला हे नोंदीखेरीज कळणार नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना दुकानात फार्मासिस्ट हजर असलाच पाहिजे, असा आग्रह धरला गेला, तेव्हा विक्रेत्यांनी माणसे मिळत नसल्याचे सांगत बंद पुकारला. कर्जतच्या बाजारपेठेत जे जड जाते, ते डोंगरातल्या वाडीला कुठून परवडेल? पावसाळ्यात वाट बंद असताना वाण्याकडची तापाची गोळीही काढून घेतली, तर नियम पाळला जाईल आणि माणूस तापाने फणफणत राहील. हे खरे आहे, आणि म्हणूनच सूट रद्द करा असे मी म्हणत नाही.

उत्तर १९४८ च्याच कायद्यात आहे. फार्मासिस्ट कमी होते, तेव्हा कायद्याने कंपाउंडरांना वहीत घेतले. आज वाडीत औषध देणारा प्रशिक्षित हात आशा कार्यकर्तीचा आहे. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानाने तिच्या पेटीत मोजकी औषधे दिली. किराणा दुकानाची यादी वाढवत नेण्यापेक्षा तिची पेटी भरलेली राहावी, तिच्या वहीत प्रत्येक गोळीची नोंद व्हावी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या फार्मासिस्टने ती वही दरमहा तपासावी. वाण्याची सूटही राहू द्यावी, पण ‘गाव’ म्हणजे वाडी हे नियमात स्वच्छ लिहावे आणि सुटीच्या अटी मराठीत छापून त्याच्या भिंतीवर लावाव्यात. घाटात राबलेल्या मजुराला औषध देणाऱ्याचे नाव कुठल्याच वहीत नव्हते. वाडीतल्या तापकऱ्याला गोळी देणाऱ्या हाताचे नाव तरी वहीत असायलाच हवे.